बाईकला रस्ता दिसत नाही: एबीएस, टीसी आणि बाकीची मंडळी नेमकं करतात काय

नवीन स्पोर्ट बाईक घेतलेला पोरगा आधी काय दाखवतो, तर डिस्प्ले. आमच्या गोव्यात डिचोलीत काय नि फोंड्यात काय, चहाच्या गाड्यासमोर बाईक लावायची, चावी फिरवायची आणि एकेक पान उघडून दाखवायचं, हा रेन मोड, हा स्पोर्ट, इथे ट्रॅक्शन कंट्रोल, इथून मागचा एबीएस बंद होतो. बघणाऱ्यांतला एकजण म्हणतोच, "पात्रांव, म्हणजे आता ही पडणारच नाही म्हण की!" पडते ना. का पडते आणि कुठे खरंच वाचवते तेच जरा सोपं करून सांगतो, कारण ही नावं पाठ असलेले खूप भेटतात, पण कुठली सिस्टम कुठल्या क्षणी जागी असते आणि कुठल्या क्षणी तिच्या हातात काहीच नसतं, हे विचारलं की गप्प होतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. बाईकला रस्ता दिसत नाही. रडार लावलेल्या काही मोठ्या टूरिंग बाईक आहेत, पण त्यांनाही पुढची गाडी कळते, रस्ता ओला की कोरडा ते नाही. पुढे उसगावला ट्रकांच्या चाकांनी आणलेला लाल चिखल आहे, आश्वेला वाऱ्याने डांबरावर आणून टाकलेली रेती आहे, की वळणाच्या आड गाय रवंथ करत बसलीय, यातलं काही तिला माहीत नसतं. तिला कळतं एवढंच: पुढचं चाक किती वेगाने फिरतंय, मागचं किती वेगाने फिरतंय, तुम्ही रेस किती पिळलीय, आणि जरा वरच्या रेंजची असेल तर बाईक किती झुकलीय. त्यामुळे चाक सरकायला लागलं की मगच तिला कळतं. मग ती जे काही करते ते सेकंदाच्या छोट्याशा तुकड्यात करते, माणसाच्या हाताला जमणार नाही इतक्या पटकन, पण जी पकड रस्त्यावर शिल्लक आहे तेवढ्यातच. नवीन पकड ती कुठून आणणार?

ही पकड म्हणजे काय ते आपल्याकडच्या माणसाला वेगळं शिकवायला नको. पावसात शेवाळ धरलेल्या चिऱ्यांवरून विहिरीकडे जाताना आपण आपोआप कसे चालतो? सरळ चालताना काही होत नाही, हळूहळू थांबलं तरी चालतं, सावकाश वळलं तरी चालतं, पण एकदम थांबत थांबत वळायला गेलात की संपलं. टायरचंही तेच. ब्रेकला, रेस द्यायला आणि वळायला तिघांनाही एकाच टायरची पकड वाटून घ्यावी लागते, एकाने जास्त घेतली की दुसऱ्याला कमी उरते. हे वाटप समजलं की बाकीचं सगळं सोपं आहे.

आता एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी, फिरायचं थांबून घसरू न देणारी सिस्टम. चाकाला भोकं असलेली एक रिंग असते, तिच्याजवळ सेन्सर, भोकं किती भराभर जातात त्यावरून चाकाचा वेग कळतो. ब्रेक मारल्यावर चाकाचा वेग बाईकच्या वेगाच्या मानाने फारच पटकन पडायला लागला, म्हणजे चाक लॉक होणार असं दिसलं, की ब्रेकच्या लाईनमधला दाब क्षणभर कमी करायचा, चाक परत फिरू द्यायचं, परत दाब वाढवायचा, आणि हे एका सेकंदात कितीतरी वेळा. लिव्हरमध्ये जी थरथर जाणवते ती हीच. खूप जण पहिल्यांदा ही थरथर लागली की दचकून ब्रेक सोडतात, आणि तेच नेमकं करायचं नाही, धरून ठेवायचं, ती तिचं काम करतेय. मोटरसायकलवर हा प्रकार आला १९८८ मध्ये, बीएमडब्ल्यूच्या के १०० वर, आणि आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नवीन मॉडेलना तो सक्तीचा झाला १ एप्रिल २०१८ पासून, आधीपासून विकायला असलेल्या मॉडेलना वर्षभराने. पण सक्ती आहे म्हणून दोन्ही चाकांना असेलच असं नाही हं. सिंगल चॅनल लिहिलेलं असेल तर फक्त पुढच्या चाकाला, मागचं अजूनही खुशाल लॉक होतं. स्वतःच्या गाडीला कुठलं आहे हे न माहीत असलेले भरपूर आहेत.

आणि एबीएस आहे म्हणून बाईक कमी अंतरात थांबते हा गैरसमज. कोरड्या डांबरावर कसलेला रायडर जवळपास तेवढ्यातच थांबवेल, आणि सुट्या खडीवर किंवा रेतीवर तर एबीएसमुळे अंतर उलट वाढू शकतं. फायदा हा की घाबरून कचकन दाबलात तरी पुढचं चाक लॉक होऊन तुम्ही जमिनीवर येत नाही, आणि पुढचं चाक लॉक झालेली बाईक सावरणं म्हणजे नशिबाचाच भाग.

अंतराचं साधं गणित करून बघा. ताशी ६० ला बाईक एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. गाय दिसली, डोक्याने ठरवलं, हाताने लिव्हर धरली, यात एक सेकंद सहज जातो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तर साधारण १८ मीटर. म्हणजे सगळे मिळून ३५. ओल्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर २८ च्या आसपास, एकूण ४५. आता हेच ताशी १०० ला करा: सेकंदाचे २८, कोरड्यात ब्रेकचे ४९, ओल्यात ७९. ओल्या रस्त्यावर शंभराच्या पुढे मीटर लागतात आणि तेही एबीएस एकदम फिट असताना. आपल्या गावातल्या रस्त्यांवर शंभर मीटर सरळ दिसतात कुठे? पाव विकणारा पोदेर सायकलवरून भोंपू वाजवत कुठल्या गल्लीतून बाहेर येईल सांगता येत नाही.

म्हणून पुढचा ब्रेक शिकायला लागतो. "पुढचा दाबलास तर उडशील" हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत आणि त्यामुळे पोरं ३०० सीसीच्या बाईकवर पण फक्त पायाचा मागचा ब्रेक दाबून थांबायला बघतात. थांबवण्याचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो, कारण ब्रेक लागला की वजन पुढे येतं. पद्धत ही: आधी दोन बोटांनी हलकं धरायचं, पुढचा सस्पेन्शन बसू द्यायचा, टायर रस्त्यावर दबला की मग जोर वाढवत न्यायचा. हे सगळं अर्ध्या सेकंदात होतं पण ते दोन टप्पे हवेतच, एकदम हिसका नको. रिकामा, कोरडा, सरळ रस्ता बघून, हेल्मेट जॅकेट ग्लोव्हज घालून, मागे कोणी नाही बघून, आधी ३० ला, मग ४० ला सराव करा, आणि एकदा तरी एबीएसची थरथर स्वतःहून लिव्हरमध्ये आणून बघा म्हणजे खऱ्या वेळी दचकायला होणार नाही.

आता ट्रॅक्शन कंट्रोल, ज्याला सगळे टीसी म्हणतात. सेन्सर तेच एबीएसचे. मागचं चाक पुढच्यापेक्षा जास्त वेगाने फिरायला लागलं, म्हणजे मागे स्पिन होतंय, तर ईसीयू, म्हणजे बाईकचा कॉम्प्युटर, इंजिनाची ताकद कापते, इग्निशनची ठिणगी उशिरा देऊन किंवा थ्रॉटल, म्हणजे रेस, थोडा बंद करून. डिस्प्लेवर पिवळा दिवा लुकलुकतो. यामाहा आर १५ च्या व्ही ४ वर हे आलं २०२१ मध्ये, म्हणजे १५५ सीसीच्या बाईकवर, त्यामुळे आता कॉलेजची पोरंसुद्धा टीसीवर बोलतात.

पण इथेच सगळ्यात मोठी गफलत होते. टीसी काम करतो फक्त तुम्ही रेस देत असताना. त्याच्याकडे कापायला ताकद असली तर तो कापणार. तुम्ही रेस सोडलेली आहे, ब्रेक मारताय, किंवा नुसतेच वेगात वळणात शिरलाय आणि पुढचं चाक सरकतंय, तिथे टीसीला करायला काहीच नाही. "टीसी ऑन होता तरी पडलो" म्हणणाऱ्याला विचारा, रेस देत होतास का? बहुतेक वेळा उत्तर असतं, नाही, वळणात जास्त वेगाने गेलो, घाबरलो, रेस सोडली आणि ब्रेक मारला. म्हणजे टीसी तिथे नव्हताच.

रेस एकदम सोडली की वेगळीच एक गोष्ट होते. इंजिन मागच्या चाकाला मागे खेचतं, आणि ओल्या रस्त्यावर तिसऱ्यातून धाडकन पहिला पाडलात तर मागचं चाक ब्रेक न मारताही सरकतं. यासाठी स्लिपर क्लच असतो, तो हा उलटा धक्का थोडा सोडून देतो, आणि काही नवीन बाईकना अशा वेळी थ्रॉटल स्वतःहून कणभर उघडणारी सिस्टम पण येते. तरी आपलं साधं, एकेक गिअर पाडायचा, क्लच सावकाश सोडायचा.

झुकणं मोजणारा जो भाग तो आयएमयू. सीटखाली किंवा टाकीखाली कुठेतरी काडेपेटीएवढी डबी, आत तीन दिशांचा धक्का आणि तीन दिशांचं फिरणं मोजणारे सेन्सर, म्हणून सहा ॲक्सिस म्हणतात. २०१५ च्या यामाहा आर १ ने हा प्रकार सुपरबाईकवाल्यांच्या तोंडी बसवला. त्याच्या थोडं आधी, २०१४ च्या केटीएम ११९० ॲडव्हेंचरवर बॉशने झुकाव बघून चालणारा एबीएस दिला होता. तेव्हा हे लाखोंच्या बाईकचं काम होतं, आता केटीएमच्याच २०२२ च्या आरसी ३९० ला मिळतं, टीव्हीएसच्या आरटीआर ३१० ला ऑप्शनमध्ये मिळतं, म्हणजे कर्ज काढून का होईना, आपल्या आवाक्यात आलं.

याने होतं काय? साध्या एबीएसला बाईक सरळ आहे का झोपवलेली हे कळत नाही. झोपवलेली असताना कचकन ब्रेक मारला तर दोन गोष्टी होतात, टायरने वळायला वापरलेली पकड ब्रेक ओढून घेतो, आणि बाईक उभी राहून सरळ बाहेरच्या बाजूला जायला बघते, म्हणजे समोरून येणाऱ्या कदंबा बसच्या दिशेने. कॉर्नरिंग एबीएसला झुकाव माहीत असल्यामुळे तो ब्रेकचा दाब हळू चढू देतो आणि मर्यादेत ठेवतो. टीसीलाही झुकाव कळला की तो वळणात जास्त सावध राहतो, सरळ होत गेलात की ताकद मोकळी करतो. खरोखर जीव वाचवणारी गोष्ट आहे, मी तर म्हणेन दोन बाईकमध्ये अडला असाल तर दहा पीएस ताकद कमी चालेल पण ही सिस्टम असलेली घ्या.

तरी चोर्लाच्या किंवा अनमोडच्या घाटातलं वळण घेऊन गणित करू. समजा वळणाची त्रिज्या ३० मीटर. ताशी ५० ने गेलात तर बाईक साधारण ३३ अंश झुकवावी लागते आणि टायरला बाईकच्या वजनाच्या ६५ टक्क्यांएवढी बाजूची पकड द्यावी लागते. ताशी ६० ने गेलात, फक्त दहा जास्त, तर झुकाव ४३ अंश आणि पकड लागते ९४ टक्के. कोरड्या, स्वच्छ डांबरावर, चांगल्या टायरवर जमेल. पावसात, ट्रकांनी घासून गुळगुळीत केलेल्या डांबरावर एवढी पकड मिळेल अशी अपेक्षाच ठेवू नका, आणि हे अजून ब्रेकला हात लावायच्या आधीचं. जगातली कुठलीही डबी हे दहा तुमच्यासाठी परत आणत नाही. वेग वळणाच्या आधी, बाईक सरळ असताना उतरवायचा, गिअर तिथेच लावायचा, मग हलकी स्थिर रेस ठेवून वळण पार करायचं, आणि वळणाचा शेवट दिसला की पुढे रेस वाढवायची. नजर मात्र जिकडे जायचंय तिकडे, दरीच्या कठड्याकडे बघत बसलात तर बाईक कठड्याकडेच जाते, याला इलेक्ट्रॉनिक उपाय नाही.

मोड आता झटपट. रेन मोड म्हणजे रेसचा स्वभाव मऊ, बहुतेक बाईकवर टीसी आणि एबीएस जास्त सावध, काही बाईकवर ताकदपण कापलेली. जून ते सप्टेंबर गोव्यात हाच मोड ठेवला तर कोणी हसणार नाही, हसलं तर हसू दे. पण रेन मोडने टायरची पकड वाढत नाही, आणि वळणात पुढचं चाक सरकलं तर तोही काही करू शकत नाही. क्विकशिफ्टर म्हणजे क्लच न धरता गिअर, वर टाकताना रेस उघडी ठेवायची, खाली पाडताना बंद, आणि गावातल्या ट्रॅफिकमध्ये कमी आरपीएमवर वापरलात तर धक्के मारतो, तिथे क्लचच बरा. व्हीली कंट्रोल पुढचं चाक उचलू देत नाही. लाँच कंट्रोल, म्हणजे थांबलेल्या जागेवरून झपाट्याने सुटायची सोय, ट्रॅकसाठी आहे, मिरामारच्या सिग्नलसाठी नाही. सुपरमोटो मोड मागचा एबीएस बंद करतो, तो कच्च्या रस्त्याला ठीक, पण मजेसाठी लावून मग डांबरावर विसरणारे असतात, बऱ्याच बाईकवर चावी बंद केली की तो परत चालू होतो, तुमच्या बाईकचं मॅन्युअल बघा. एकच वेग आपोआप धरून ठेवणारा क्रूझ कंट्रोल पावसात आणि गर्दीच्या हायवेवर नको.

आपल्याकडचे रस्ते मात्र वेगळ्याच परीक्षा घेतात. मे संपता संपता जांभळाच्या झाडाखाली जो जांभळा लगदा पसरतो त्यावरून झोपवलेल्या बाईकने जाऊ नका, त्यानंतर पहिला पाऊस पडला की वर्षभराचं तेल आणि धूळ वर येऊन साबणासारखा थर होतो, एकदोन मोठ्या पावसांनी धुऊन जाईपर्यंत तो तसाच. पांढरे पट्टे, पुलांच्या जोडाच्या लोखंडी पट्ट्या, हे ओले असले की सरळ ओलांडा.

आणि फेरीबोट. रायबंदर असो की बेती, रॅम्पवर लोखंडी पत्रा, त्यावर खारं पाणी, आणि ओहोटी असली तर धक्क्याचा खालचा भाग शेवाळलेला आणि गाळाने माखलेला. पहिल्या गिअरमध्ये जरा जास्त पिळलात की मागचं चाक फिरतं, टीसी ताकद कापतो, इंजिन गुदमरतं, आणि चढावर मध्येच बाईक बंद पडून मागे सरकायला लागते, मागे स्कूटरवर कोणाची तरी आते भाजीच्या पिशव्या घेऊन. इथे टीसीने चूक काहीच केलेली नसते, त्याने सांगितल्याप्रमाणेच केलं. उपाय: बाईक सरळ, रेस अगदी स्थिर, जमलं तर दुसरा गिअर, वळायचं ते रॅम्प संपल्यावर. उतरताना पुढच्या ब्रेकला जरा सुद्धा हिसका नको.

शेवटचं म्हणजे या सगळ्या सेन्सरांची निगा, कारण ते बाईकच्या सगळ्यात घाण जागी बसलेले असतात. लाल चिखल वाळून त्या भोकांच्या रिंगमध्ये भरला की एबीएस गोंधळतो, मऊ ब्रशने साफ करा, वॉशिंग सेंटरच्या प्रेशरचा फवारा थेट सेन्सरवर मारू देऊ नका. टायर कंपनीने दिलेल्या साईजचेच घाला. मागे जाड टायर छान दिसतो खरा, पण चाकाचा घेर बदलला की पुढच्या मागच्या वेगाचा हिशोब चुकतो, मग टीसी नको तिथे कापतो किंवा हवा तिथे उशिरा. हवा थंड टायरमध्ये बघा, आठवड्याला एकदा. टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष, जुना कडक झालेला टायर चर दिसत असूनही ओल्यात धरत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आपल्या दमट हवेत तर विचारूच नका, दोन वर्षांनी तरी बदला. मागचं चाक उचलून धरणाऱ्या पॅडॉक स्टँडवर लावून ते चाक गिअरमध्ये फिरवलंत आणि दिवा पेटला तर घाबरू नका, मागचं फिरतंय पुढचं थांबलंय हे बघून सिस्टम बुचकळ्यात पडते, बंद करून परत चालू केली आणि थोडं चालवली की सहसा जातो.

एबीएसचा दिवा चावी फिरवल्यावर पेटलेला असणं बरोबर, बाईक थोडी पुढे गेली की विझायला हवा. न विझला तर ब्रेक लागतात पण एबीएस नाही, असं समजून चालवा आणि वर्कशॉप गाठा. चवथीला मुंबई-पुण्याहून येणारे भाऊ भाड्याची काळ्या पाटीची स्पोर्ट बाईक घेतात, त्यांनी तर पैसे द्यायच्या आधी गल्लीत एक चक्कर मारून हा दिवा बघावाच. भाड्याने देणारा "तो तसाच असतो, काही होत नाही" म्हणाला तर ती चावी परत द्या आणि दुसरी बाईक मागा.